शिंजीर, पळस आणि माझा प्रोजेक्ट
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी प्रोजेक्ट दिला: एक गाणारा पक्षी, एक फुलझाड, दोघांची तुलना. मी विषय बदलून मागितला. सर म्हणाले, "कुठंही जा, पळसाला पानं तीनच." मग पळसच घेतला, जोडीला जांभळा शिंजीर. अंबाजोगाईजवळ आमच्या शेताच्या धुऱ्यावर दोन्ही होते. एसटीचं तिकीट वाचलं.

दिवाळीनंतर सुरुवात केली आणि दोनदा आपटलो. दारातल्या जास्वंदीवर पिवळ्या पोटाचा, गळ्यापासून खाली काळा पट्टा असलेला पक्षी यायचा. मी त्याची वेगळीच जात लिहिली. तो शिंजिराचा नरच होता! विणीचा हंगाम सरला की त्याचा चकाकता जांभळा-निळा रंग जातो, एवढा पट्टा उरतो. दुसरी चूक म्हणीनं करवली. 'पाने: तीन' लिहिलं, सरांनी लाल गोल केला. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात ते एकच संयुक्त पान, तीन पर्णिकांचं.

तक्ता तर जमेचना. पक्ष्यापुढं 'मूळ' कोरं, झाडापुढं 'आवाज' कोरा.

मार्चमध्ये पळस फुलला. अंगावर पान नाही, नुसता केशरी. वही मिटून झाडाखाली बसलो. शिंजीर देठावर बसून बाकदार चोच फुलात घालत होता. खाली पडलेलं एक फूल उचललं. काळपट मखमली पेला, त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली जोडपाकळी. ती नखानं उकलली. आत १० पुंकेसर, ९ एकमेकांना चिकटलेले, एक सुटा, शेजारी स्त्रीकेसर. बोट पिवळं झालं.

"काय बघायलास रे कवापासून?" आज्जी ओरडली.

त्या रात्री तक्त्याच्या ओळीच बदलल्या. 'जोडी कशी जमते?' शिंजिराचा नर रंग मिरवतो, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं लोंबतं घरटं मात्र मादीच विणते. पळसाच्या एका फुलात दोघंही नांदतात, तरी पराग पोचवायला पाहुणा लागतो. 'लेकरू घर कसं सोडतं?' शिंजिराचं, पंख फुटल्यावर. पळसाचं, चपट्या शेंगेच्या टोकाला एकटं बी होऊन, वाऱ्यावर भिरभिरत. आता एकही रकाना कोरा नव्हता.

'वय' सोडून. आज्जीला विचारलं. "माझ्या लग्नात त्याच्याच पत्रावळी होत्या की."

तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं, "६० वर्षांहून जास्त, संदर्भ?"

"आज्जी," म्हणालो. त्यांनी टिक केलं.