वास्तूची पंगत
उत्तर थायलंडच्या डोंगरात, चियांग माई अन् मे हाँग सोन भागात लावा लोक राहतात, बरेचसे बौद्ध, पण घराच्या अन् पूर्वजांच्या आत्म्यांनाही मानतात, कोंबडं नाहीतर डुक्कर कापून नैवेद्य दाखवतात. वाचलं अन् मले आमच्याकडची वास्तूच आठवली. आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरायची, चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं हे आहेच, पण मले विचाराल तर खरी वास्तू मांडवात होते, वरण, वांग्याची भाजी, रोडगे, आणि स्लॅबच्या दिवशी ज्यांनी टोपल्या उचलल्या तेच पंगतीत वाढतात. आता लोक केटरर लावतात, मले नाही पटत ते. बोलणं बंद असलेला चुलतभाऊही वाढायच्या निमित्तानं येते, केटरर असला की त्याले यायला निमित्तच उरत नाही.