तुम्ही विचारलंत म्हणून: टॉर्चखाली मिरचीतलं विष दिसतं का?

मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये आहे हे कळलं की नंदुरबारचे मिरचीवाले काय आणि जळगावकडचे नातेवाईक काय, प्रश्न ठरलेला: "ताई, ती जांभळी टॉर्च घेतली तर विष घरीच दिसेल ना?"

मिरची, मका, शेंगदाणा दमट राहिला की ॲस्परजिलस बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष येतं. ते भाजूनतळून पुरतं जात नाही. 1974 साली पंचमहाल आणि बांसवाड्यात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्या टॉर्चच्या 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हे विष चमकतं, हेही खरं. पण मसाल्यात त्याची मर्यादा किलोला 30 मायक्रोग्रॅम. एवढंसं डोळ्यांना कुठून दिसणार?

दिसतं ते भलतंच. मिरची वाळत घातलेल्या पथारीवर रात्री टॉर्च मारून बघा. आधी पोत्याचा दोरा लखलखेल, मग तुमचाच पांढरा सदरा, कारण धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. हळद तर आपणहून पिवळी उजळते. मक्यावर, कपाशीवर हिरवट-पिवळी चमक दिसली तरी ती अफ्लाटॉक्सिनची नसते. त्याच बुरशीच्या कोजिक ॲसिडपासून झालेल्या पदार्थाची असते. संशय घ्यायला ठीक, माल नाकारायला नाही.

म्हणून प्रोब लागतो, म्हणजे नेमकं ते विष हुडकून खूण देणारा रेणू. एका प्रकारात डीएनएच्या छोट्या धाग्याला चमकणारा रंग जोडतात आणि शेजारी तो उजेड गिळणारा दुसरा रेणू बसवतात, दिव्यावर हात धरावा तसा. अफ्लाटॉक्सिन आलं की धागा त्याला धरतो, हात सुटतो, उजेड पडतो. तो उजेडही आपण डोळ्यांनी नाही, यंत्राने मोजतो.

एवढं करूनही खरी गोम नमुन्यात असते. विष ढिगाऱ्यात सारखं पसरलेलं नसतं, मूठभर दाण्यांत ठासून असतं. वरच्या पोत्यातली ओंजळभर मिरची पुडीत बांधून आणाल, तर माझा रिपोर्ट त्या पुडीचा, तुमच्या ट्रकचा नव्हे. दहा पोत्यांत, वर-मध्ये-खाली हात घाला, सगळं एकत्र दळा, मग आणा.

टॉर्चऐवजी ताडपत्री घ्या, अवकाळीत उपयोगी पडेल. आणि टॉर्च घेऊन बसलाच असाल तर मळ्यात विंचू शोधा. विंचू त्या उजेडात हिरवानिळा चमकतो, त्याला लॅबचा रिपोर्ट लागत नाही.