लेबल नसलेली जुनी पोर्ट घ्यावी का? माझं मत: बूच बघा

लिलावाच्या यादीत "लेबल नाही, बहुधा १९६३" असं दिसलं की बरेच जण पुढे सरकतात, मी मात्र नेमकी तिथेच थांबते. कारण जुन्या व्हिंटेज पोर्टच्या (पोर्तुगालची गोड, ब्रँडी घातलेली, एकाच वर्षाच्या द्राक्षांची वाईन) बाबतीत लेबल हा सगळ्यात कच्चा पुरावा. पक्का पुरावा बाटलीच्या मानेत असतो, बुचावर.

लेबल का नसतं हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर उगाच संशय येतो. द्राक्षं पोर्तुगालमधल्या डोरो खोऱ्यातली, गोदामं पोर्तोसमोर नदीपलीकडे गायामध्ये, हे खरं, पण १९७० च्या व्हिंटेजपर्यंत यातला बराचसा माल अख्ख्या पिंपांतून इंग्लंडला जायचा आणि लंडन-ब्रिस्टलचे वाईन व्यापारी आपापल्या तळघरात तो बाटल्यांत भरायचे. त्या बाटल्या पुढे कित्येक वर्षं ओलसर तळघरात आडव्या पडून राहणार, कागद कुजणारच, मग लेबल लावायचं कशाला? त्यापेक्षा वरच्या बाजूला चुन्याचा एक पांढरा पट्टा ओढायचे, म्हणजे बाटली हलवली तरी तीच बाजू परत वर ठेवता येते आणि तळाला धरलेला गाळ ढवळत नाही. तो पट्टा अजून दिसत असेल तर मला छापील लेबलापेक्षा जास्त बरं वाटतं.

आता बूच. त्यावर बहुतेक वेळा पोर्ट बनवणाऱ्या घराण्याचं नाव आणि वर्ष डागलेलं असतं, कधी बाटली भरणाऱ्याचंही. विकणाऱ्याला विचारून कॅप्सूलची (बूच आणि मान झाकणारं धातूचं टोपण) किंवा लाखेची खालची कडा जराशी उचलायची, मानेच्या मागून टॉर्च मारायचा आणि बाटली शक्यतो न फिरवता आपणच वाकून बघायचं. काच काळपट हिरवी, त्यामुळे सुरुवातीला नुसता तपकिरी अंधार दिसतो, मग टॉर्च थोडा तिरका केला की डागासारख्या रेघांमधून एक अक्षर सुटतं, मग दुसरं, आणि मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. बुचाचं खालचं टोक वाईन पिऊन काळं पडलेलं असतं, तिथे फार आशा नाही, वरचा अर्धा भाग बघायचा. वर्ष वाचता आलं की माझ्यासाठी अर्ध्याहून जास्त काम झालं.

कॅप्सूलवर उठावात व्यापाऱ्याचं नाव आणि बुचावर टेलर किंवा ग्रॅहम अशा पोर्ट घराण्याचं नाव, असं असलं तर घाबरायचं कारण नाही, एकाने वाईन केली, दुसऱ्याने भरली. मानेवर पोर्तुगालच्या पोर्ट संस्थेची कागदी हमीपट्टी असेल तर बाटली पोर्तुगालमध्ये भरलेली, त्यामुळे "लंडनमध्ये भरलेली" म्हणून विकायला आलेल्या बाटलीवर ती पट्टी दिसली तर प्रश्न विचारायलाच हवेत, आणि नसली तर त्यात काही वावगं नाही. (१९४५ ची गोष्ट वेगळी, युद्धामुळे ती बहुतेक पोर्तुगालमध्येच भरली गेली.) उलट १९५५ च्या बाटलीवर कोरं करकरीत लेबल आणि वर बारकोड असेल तर ती खोटीच असं नाही, गोदामातून उशिरा बाहेर काढताना नवीन लेबल लावतात, पण मग ते लेबल पुरावा म्हणून धरायचं नाही एवढंच.

फाटक्या लेबलावर नुसतं वर्ष उरलं असेल तर मात्र खरंच सांभाळून. कोल्हेटा प्रकारच्या पोर्टवरही एकच वर्ष असतं, पण ती टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट, कमीत कमी सात वर्षं लाकडातच राहिलेली, व्हिंटेज दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढचं सगळं वय बाटलीत काढते. दोन्ही छान, पण वेगळी पेयं आहेत आणि भावही वेगळे. कोल्हेटाला तो जाड गाळ धरत नाही, आणि भरल्याचं साल बहुतेक मागच्या लेबलवर असतं, तो तुकडा शाबूत असेल तर वाचा.

आणि ते वर्ष त्या घराण्याने जाहीर केलं होतं का, म्हणजे त्या वर्षाची व्हिंटेज पोर्ट काढतोय असं घोषित केलं होतं का, हेही बघा. १९७७ मोठं वर्ष, पण कॉकबर्न या घराण्याने ते जाहीर केलं नव्हतं, म्हणजे कोणी "कॉकबर्न १९७७ व्हिंटेज" म्हणत असेल तर बूच वाचल्याशिवाय पुढे बोलूच नका.

पातळीचं फार टेन्शन घेऊ नका. पन्नास-साठ वर्षांच्या बाटलीत वाईन मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या भागात आली असेल तर ते वयाला धरूनच आहे. त्याखाली गेली असेल तर रंग बघा आणि भाव पाडून मागा.

बूच वाचताच येत नसेल तर ती बाटली अनोळखी जुनी पोर्ट म्हणून घ्या आणि तेवढेच पैसे द्या, विकणारा कितीही खात्रीने सांगो. शक्य असेल तर एकाच तळघरातल्या एकसारख्या काही बाटल्या एकदम घ्या, म्हणजे एक उघडली की बाकीच्यांची ओळख पटायला मोठी मदत होते. ती पहिली उघडताना स्क्रू वापरू नका, जुनं बूच भुगा होऊन जातं आणि डागलेलं नाव पण त्याच्याबरोबर. पोर्टचा चिमटा लाल तापवून बुचाच्या खाली मानेवर धरा, मग गार ओलं फडकं लावा, मान बुचासकट सरळ तुटून येते. वाईन निथळून घ्या, आणि ती मान धुऊन, नाव वाचता येईल असा फोटो काढून, बाकीच्या बाटल्यांबरोबरच ठेवा.