डिलीट करूनही गूगल ड्राइव्हमध्ये जागा का होत नाही?

गूगलचे फुकटचे 15 जीबी एकट्या ड्राइव्हचे नाहीत. ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून ते आहेत. तरीही ‘स्टोरेज फुल’चा इशारा आला की बहुतेक जण ड्राइव्ह उघडतात आणि दिसतील त्या पीडीएफ उडवत सुटतात. एक-एक एमबीच्या शंभर पीडीएफ उडवल्या तरी फोरकेमधल्या मिनिटभराच्या व्हिडिओएवढीसुद्धा जागा होत नाही. म्हणून आधी गूगल वन या गूगलच्या स्टोरेज सेवेचं स्टोरेजचं पान उघडून तिघांपैकी कोण किती खातंय ते बघा. हे काम शक्यतो संगणकावर करा, मोबाइलवर निम्मे पर्याय मेनूंच्या आत दडलेले असतात. आणि फार लांबणीवर टाकू नका. कोटा संपला की नुसतं अपलोड थांबत नाही, मेल येणं-जाणंही बंद होतं.

ड्राइव्हमध्ये फोल्डर चाळत बसू नका. डावीकडच्या पट्टीत ‘स्टोरेज’वर क्लिक केलं की तुमच्या मालकीच्या सगळ्या फाइल मोठ्यापासून लहानाकडे अशा एका यादीत येतात. कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेल्या, हरवल्यासारख्या फाइलसुद्धा इथे सापडतात. ‘मालकीच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘शेअर्ड विथ मी’मधल्या फाइल तुमच्या कोट्यात धरल्याच जात नाहीत, त्या काढून एक बाइटही सुटत नाही. (ड्रॉपबॉक्समध्ये उलट आहे, तिथे सामाईक फोल्डर प्रत्येक सदस्याच्या खात्यात मोजला जातो.) पण कुणाच्या फाइलची ‘मेक अ कॉपी’ केली असेल तर ती कॉपी तुमची, तिची जागाही तुमचीच. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: तुमच्या मालकीची सामाईक फाइल तुम्ही कायमची उडवली तर ती सगळ्यांकडून जाते. इतरांना ती लागणार असेल तर शेअरच्या खिडकीतून मालकी दुसऱ्याच्या नावावर करा. समोरच्याने ती स्वीकारेपर्यंत वजन तुमच्याच खात्यावर राहतं.

कधीकधी 40 एमबीची फाइल यादीत दीडशे एमबी दाखवते. झिप, पीडीएफ किंवा फोटोशॉपच्या फाइलची नवी आवृत्ती जुन्यावर चढवली की जुन्या आवृत्त्या 30 दिवस राहतात आणि मग जातात. पण त्यांतल्या एखादीवर ‘कीप फॉरएव्हर’ची खूण केलेली असेल तर ती कायमची राहते आणि कोट्यातही धरली जाते. फाइलवर राइट क्लिक करून ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये हे बघता येतं.

मग येतो ट्रॅश. डिलीट करूनही स्टोरेजचा आकडा न हलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ट्रॅशमधली फाइलही जागा धरून बसते, आणि ट्रॅश एक नाही, तीन आहेत. ड्राइव्ह आणि जीमेलचा ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो, फोटोजमधली बॅकअप झालेली चित्रं मात्र 60 दिवस पडून राहतात. तिन्ही स्वतंत्रपणे रिकामे करावे लागतात. त्यानंतरही आकडा बदलायला काही तास, कधी अख्खा दिवस लागतो. तेवढी कळ काढा.

जीमेलमध्ये शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं फिल्टरचं चिन्ह दाबून ‘साइज’मध्ये 10 एमबीपेक्षा मोठे मेल मागवा. एका मेलला 25 एमबीपर्यंतच जोडण्या लावता येतात, त्यामुळे 10 ही चाळणी ठीक बसते. जीमेलमध्ये नुसती जोडणी काढता येत नाही, अख्खा मेलच जातो. म्हणून हवी ती फाइल आधी संगणकावर उतरवून घ्या. ‘सेव्ह टू ड्राइव्ह’ करून मेलही ठेवला तर एकच फाइल दोनदा मोजली जाते.

खरी गोम फोटोजमध्ये आहे. 1 जून 2021च्या आधी ‘हाय क्वालिटी’मध्ये चढवलेले फोटो कोट्यात धरलेच जात नाहीत. लोक नेमके तेच जुने फोटो निवडून निवडून उडवतात. आठवणीही जातात आणि जागाही होत नाही. मोबाइलवर फोटो उघडून वर सरकवा, तो खात्यातली जागा घेत नाही असं तपशिलात लिहिलेलं असेल तर त्याला हात लावू नका. त्याऐवजी फोटोजच्या सेटिंगमधल्या स्टोरेजच्या भागात जाऊन मोठे व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट काढा. आणि ‘फ्री अप स्पेस’ या बटणावर भरवसा ठेवू नका, ते फोनमधली जागा मोकळी करतं, क्लाउडमधली नाही.

मूळ दर्जाचे फोटो ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये बदलायची सोयही तिथेच मिळते. त्यात 16 मेगापिक्सेलच्या वरचे फोटो आणि 1080पीच्या वरचे व्हिडिओ लहान होतात. हे मागे फिरवता येत नाही आणि मोजकेच फोटोही निवडता येत नाहीत. छपाईसाठी किंवा एडिटिंगसाठी मूळ फाइल लागणार असतील तर आधी टेकआउटने, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सेवेने, उतरवून घ्या. टेकआउटमध्ये ‘ॲड टू ड्राइव्ह’ निवडू नका, नाहीतर त्याच भरलेल्या खात्यात आणखी काही जीबींच्या झिप येऊन पडतील. डाउनलोडची लिंक मागवा, आणि प्रत्येक झिप उघडते की नाही ते तपासल्याशिवाय मूळ फोटोंना हात लावू नका.

आता अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप. त्याचा बॅकअप एकेकाळी कोट्याबाहेर होता, 2024पासून तो 15 जीबीतच धरला जातो. ड्राइव्हच्या स्टोरेज पानावर वरच्या बाजूला ‘बॅकअप्स’मध्ये त्याचा आकार दिसतो. तो उडवू नका, उद्या फोन बदलला की चॅट आणायचे तिथूनच. त्याऐवजी व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा आणि ‘मॅनेज स्टोरेज’मधून ग्रुपवरचे फॉरवर्ड साफ करा. मग ‘बॅक अप’ दाबून नवा बॅकअप घ्या. तो पूर्ण होईपर्यंत ड्राइव्हमधला आकडा जुनाच दिसेल.