बीटा एडिटरला मूळ फोटोंचा फोल्डर देऊ नका

फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती डाउनलोड केली की बहुतेकजण एवढीच काळजी घेतात, की जुनी आवृत्ती काढून टाकायची नाही. ती घ्यायलाच हवी, पण तेवढ्याने भागत नाही. बीटा क्रॅश झाली तर फार तर दहा मिनिटांचं काम जातं. खरं नुकसान होतं ते ती व्यवस्थित चालते तेव्हा. ती कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटची नोंदवही) नव्या रचनेत बदलते, फोटोंशेजारच्या साइडकार फायली (त्या-त्या फोटोच्या एडिटच्या नोंदी) नव्याने लिहिते, आणि मग जुन्या आवृत्तीकडे परतायची वाट बंद होते.

डार्कटेबल हा फोटो एडिटर घ्या. त्यात एडिटच्या नोंदी दोन ठिकाणी असतात: एक लायब्ररीचा डेटाबेस आणि दुसरी प्रत्येक फोटोशेजारची एक्सएमपी फाइल. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती डेटाबेस अपग्रेड करायला विचारते आणि आधीच्याची प्रत बाजूला ठेवते, हे चांगलं आहे. अपग्रेड झालेला डेटाबेस जुनी आवृत्ती उघडत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: बीटा सुरू करताना कमांडमध्ये 'कॉन्फिगडिर' (--configdir) हा पर्याय देऊन तिला स्वतंत्र सेटिंग फोल्डर द्यायचा. पण अनेकजण इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. डेटाबेस वेगळा केला तरी फोटोंचा फोल्डर तोच राहिला, तर बीटा त्यातल्या एक्सएमपी फायलींवर लिहिणारच. म्हणून सेटिंग वेगळी हवीत आणि फोटोही वेगळे हवेत, म्हणजे एक्सएमपीसकट कॉपी केलेले. शॉर्टकट किंवा लिंक चालत नाही, कारण लिहिलं जातं ते मूळ फायलीवरच.

लाइटरूम क्लासिक या एडिटरच्या कॅटलॉगचंही तेच: अपग्रेड झालेला कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. गिंप हा एडिटर आपल्या आवृत्त्यांच्या प्रत्येक मालिकेसाठी वेगळा सेटिंग फोल्डर करतो, त्यामुळे २.९९ ही चाचणी मालिका २.१०शेजारी सुखाने नांदत होती. मात्र नव्या सोयी वापरून सेव्ह केलेली एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल २.१० नाकारतो. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आला आणि पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली जुनी प्लगइन्स (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम) त्यात चालत नाहीत. ज्यांचं रोजचं काम एखाद्या प्लगइनवर अवलंबून आहे त्यांनी बीटामध्ये सगळ्यात आधी तेच तपासावं, बाकी सगळं नंतर.

चाचणीसाठी तीसेक फोटो पुरतात, पण ते मुद्दाम त्रास देणारे हवेत. उन्हात आकाश पूर्ण पांढरं झालेला एक. आयएसओ ६४०० च्या वरचा एक. निळ्या-जांभळ्या एलईडी प्रकाशातला रंगमंचाचा एक, कारण तिथले रंग बऱ्याचदा कामाच्या कलरस्पेसबाहेर, म्हणजे एडिटर ज्या रंगांच्या मर्यादेत हिशेब करतो तिच्याबाहेर जातात आणि हिशेबात थोडी जरी चूक असेल तरी काळे किंवा सपाट ठिपके दिसतात. एक उभा फोटो, ओरिएंटेशन टॅग नीट वाचला जातो का ते कळायला. वापरात असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) आणि एक मोठा पॅनोरमा. आणि हे सगळं ज्या फोल्डरमध्ये ठेवाल त्याचं नाव देवनागरीत ठेवा, मध्ये एक स्पेस टाकून. इम्पोर्ट चालतं पण एक्सपोर्ट बंद पडतं, असा दोष अशाच नावांमुळे उघडा पडतो.

आता मुख्य तपासणी. जुन्या आवृत्तीत केलेली एडिट नव्या आवृत्तीत तशीच दिसते का? डोळ्यांवर विसंबू नका, दोन फोटो शेजारी ठेवून सूक्ष्म फरक कळत नाही. दोन्ही आवृत्त्यांतून तोच फोटो १६-बिट टिफमध्ये एक्सपोर्ट करा. कलर प्रोफाइल एकच, आकार मूळचाच, आउटपुट शार्पनिंग बंद. जेपेग नको, कम्प्रेशनचे चौकोन स्वतःच फरक म्हणून दिसायला लागतात. फिल्म ग्रेन लावलेला असेल तर तोही काढा, कारण तो दोन्हीकडे हुबेहूब सारखा पडेलच असं नाही. मग दोन्ही फायली एकावर एक लेयर म्हणून ठेवून वरच्याचा ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. चित्र काळं दिसेल, पण ते खरंच काळं आहे का हे अजून ठरलेलं नाही. दोन्ही लेयर मिळून एक करा आणि लेव्हल्समध्ये पांढऱ्याचा बिंदू २५५ वरून १० वर आणा. एका लेव्हलचा फरकही आता पंचवीसपट होऊन समोर येतो.

जे दिसतं ते वाचता यायला हवं. सगळीकडे सारखा धूसर थर असेल तर टोन किंवा कलर प्रोफाइलचा हिशेब बदलला आहे. फक्त कडा उजळल्या असतील तर डीमोझेक (सेन्सरच्या नोंदींतून रंगीत चित्र घडवणं), शार्पनिंग किंवा लेन्स करेक्शनमध्ये फरक आहे. मध्यभाग काळा आणि कोपऱ्यांकडे कडा जाड होत गेल्या तर बहुधा लेन्स करेक्शनच. सरळ आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली तर चित्र तुकड्यांत प्रोसेस होताना सांधे नीट जुळलेले नाहीत. अगदी बारीक, विखुरलेले ठिपके ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरच्या राउंडिंगमधून येतात. ते सोडून द्यावेत.

नवा अल्गोरिदम आलाय म्हणून जुन्या एडिट बदलणं हे कारण मला पटत नाही. लाइटरूमने प्रोसेस व्हर्जन, म्हणजे फोटोवरच्या प्रक्रियेच्या पद्धती, २००३, २०१० आणि २०१२ असे वेगळे ठेवले ते याचसाठी: जुना फोटो आपण सांगेपर्यंत जुन्याच पद्धतीने दिसतो. बीटामध्ये हे मोडलं असेल तर तो दोषच आहे, आणि तसा कळवायलाच हवा.

मेमरीचा अंदाज आधी बांधून ठेवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३२-बिट फ्लोटमध्ये चार चॅनेलसह ३८४ एमबी घेतो. एका पायरीला आत येणारं आणि बाहेर पडणारं चित्र धरलं तर ७६८ एमबी, तात्पुरत्या बफरची जागा वेगळीच. २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड इथेच धापा टाकायला लागतं. विंडोजमध्ये आणखी एक अडचण आहे: ग्राफिक्स कार्डने एखाद्या कामावर साधारण दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हरच रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन एडिटर बंद पडला तर आधी सेटिंगमधून जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डचा) वापर बंद करून तीच कृती पुन्हा करा. तेव्हा टिकला, तर शोध ड्रायव्हर आणि जीपीयूच्या कोडकडे वळवायचा.

टेक्स्ट टूल मराठी वापरणाऱ्यांनी तपासलं नाही तर दुसरं कोण तपासणार? 'दुर्मिळ', 'कर्तृत्व', 'क्षितिज', 'ज्याच्या' एवढे चार शब्द टाइप करा. वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली, रफार सुटा राहिला किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसला, तर शेपिंग, म्हणजे अक्षरं जोडून मांडण्याचं काम, चुकतंय. मग कर्सर 'क्षि'च्या लगेच नंतर ठेवून बॅकस्पेस दाबा. फक्त वेलांटी जायला हवी. दिसायला बरोबर पण खोडताना चुकणारी टूल्सही असतात. पीडीएफमध्ये एक्सपोर्ट करून हेच शब्द पुन्हा बघा.

दोष सापडला की कळवण्याआधी कोरा सेटिंग फोल्डर देऊन तो पुन्हा येतो का ते पाहा. येत नसेल तर मूळ जुन्या सेटिंगमध्ये आहे आणि तेही लिहिण्यासारखंच आहे. रिपोर्टमध्ये नेमका बिल्ड क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरची आवृत्ती, मग एकेक क्लिक क्रमाने. 'एक्सपोर्ट चालत नाही' यावर कुणीच काही करू शकत नाही. 'क्रॉप ४:५, फिरवणं २ अंश, टिफ १६-बिट, एक्सपोर्टनंतर उजवीकडे एक पिक्सेलची काळी पट्टी' यावर त्याच दिवशी काम सुरू होऊ शकतं. रॉ फाइल जोडायची तर मूळचीच, दुसऱ्या प्रोग्रामने पुन्हा सेव्ह केलेली नको. तिच्यात जीपीएसचं ठिकाण किंवा ओळखीचा चेहरा असेल, तर त्याच कॅमेऱ्याने भिंतीचा किंवा झाडाचा नवा फोटो काढून त्यावर दोष दाखवा आणि तोच पाठवा.