श्रावणासाठी दारू एकदम बंद करताय? थांबा जरा

गटारी झाली की दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येतं, "आता महिनाभर हात लावणार नाय." जे कधीतरी घेतात त्यांनी खुशाल सोडावी, महिना कशाला कायमचीच सोडा. पण ज्यांना रोज लागते, सकाळी उठल्याउठल्या लागते, त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहितेय, कारण आमच्या घरात आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझा मामा रोज प्यायचा. आधी फक्त संध्याकाळी क्वार्टर, मग दुपारी पण, आणि शेवटची दोन वर्षं दात घासायच्या आधी नाइन्टी, कारण त्याशिवाय हात थांबायचेच नाहीत. मामी त्याला चहा कपबशीत द्यायचीच नाही, स्टीलच्या पेल्यात द्यायची आणि तोही अर्धा, कारण बशी खडखड वाजली की तो मान खाली घालायचा.

त्या वर्षी श्रावणाच्या पहिल्या दिवशी आजीने त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली. त्याने मनापासून घेतली, आणि ती मोडलीही नाही. पहिल्या दिवशी घाम, मळमळ, डोळ्याला डोळा नाही. आम्ही म्हटलं सवय मोडतेय, होणारच त्रास. दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली, दातखीळ बसली, कुणीतरी कांदा आणून हुंगवला. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागला, एकही मुंगी नव्हती, अंग तव्यासारखं तापलेलं आणि आजोबा वारून पाच वर्षं झालेली तरी दारात उभे आहेत म्हणून त्यांच्याशी बोलत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं लागलंय. मग लिंबू, नारळ, उतारा, ह्यात अख्खी रात्र गेली. ती रात्र मला अजून टोचते.

सकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि रोजची झाली की मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायची सवय करून घेतो. दारू एकदम काढली की दाब जातो पण जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर ६-८ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, साधारण ४८ ते ७२ तासांत हे भास आणि ताप. वेळेत उपचार नाही मिळाले तर ह्यात माणूस जाऊ शकतो. दारू पिऊन नाही, सोडून!

आणि ह्याला औषधं आहेत हो, तेच तर वाईट वाटतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात आणि काही दिवसांत कमी करत नेतात, सोबत व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं. हे बी-१ पिणाऱ्यांच्या अंगात फार कमी झालेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून "एक सलाईन लावून आणू" असं करू नका, डॉक्टरांना रोज किती पितो ते खरं सांगा. लाजून आकडा अर्धा करून सांगतात लोक, आमच्या मामीनेही आधी तसंच केलं.

लिव्हरचं सगळ्यांना माहीत असतं, पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, त्यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच की नुसती चरबी साठली असेल आणि दारू थांबली तर लिव्हर बऱ्यापैकी सावरतं, सिरॉसिस झाला की ते तसं पूर्ववत होत नाही.

सोडवायची असेल तर आधी डॉक्टर गाठा, किंवा व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइनही आहे. शपथ त्यानंतर घाला.

मामा वाचला. परवा मामीचा फोन आला होता, गल्लीतल्या एका पोराने काल सोडली म्हणे आणि आज हात थरथरतायत, घरचे म्हणतायत होईल बरा. "तुझा मामा रिक्षा घेऊन गेलाय त्याला आणायला," मामी म्हणाली, "चहा पण अर्धा टाकून गेला."