क्लॉहॅमरमध्ये सगळा खेळ अंगठ्याचा

आधीच सांगून टाकतो, हा मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नाही, मी म्हणतोय तो अमेरिकेतला पाच तारांचा बॅंजो, ड्रमसारखं ताणलेलं हेड असलेला, आणि क्लॉहॅमर ही तो वाजवायची एक पद्धत. त्याची पाचवी तार आखूड असते, खुंटी थेट पाचव्या पडद्याशेजारी, आणि ही तार बसते सगळ्यात वर, अंगठ्याजवळ, पण सूर मात्र तिचाच सगळ्यात उंच. सतारवाल्यांनी चिकारी समजा, काम साधारण तेच.

यूट्यूबवर शोधलं की आधी स्क्रग्ज स्टाइलच दिसते, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तिघांना पिक (तार छेडायच्या नख्या) चढवलेले, बाकीची दोन बोटं हेडवर टेकवलेली. १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि मग ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकारात हीच पद्धत चालली. आठ सुरांचा रोल (बोटांचा ठरलेला, फिरून फिरून येणारा क्रम) तीन बोटांत बसवायचा म्हणजे तीन-तीन-दोन असे तुकडे पडतात, भारी वाटतं ऐकायला. पण माझा जीव क्लॉहॅमरवर.

यात तार ओढायचीच नाही. हाताचा पंजा अर्धवट मिटलेला ठेवायचा, तर्जनीच्या (किंवा मधल्या बोटाच्या) नखाने वरून खाली तारेवर मारायचं आणि बोट वेगळं झटकायचं नाही, मनगटासकट अख्खा हात खाली येतो. आणि खरी गंमत इथे आहे, नख तारेवर पडतं त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो. तो काही वाजवत नाही, नुसता बसतो. हात वर उठला की जाता जाता तार सुटते आणि टिंग वाजतं, त्यासाठी वेगळा जोर लावायचाच नाही. ठेका म्हणजे बम्-डिटी: 'बम्'ला एक सूर, 'डि'ला नखाने दोन-तीन तारा एकदम, 'टी'ला अंगठा. बम् बाकी दोघांतल्या प्रत्येकाच्या दुप्पट लांब, तिन्ही सारखे वाजवले की ठेका गेलाच म्हणून समजा. 'बम्'ला अंगठ्याचा आवाज नाही म्हणून बरेच जण त्याला हवेत लटकत ठेवतात, मग 'टी'ला तार शोधत बसावं लागतं, म्हणून प्रत्येक वेळी टेकवायचाच.

बरं, ही युक्ती अमेरिकेत जन्मलेली नाहीच. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य आहे, तीन तारा, त्यातली एक आखूड अंगठ्याची, आणि वाजवायची रीत हीच, नख खाली, अंगठा मागोमाग. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांसोबत हे सगळं समुद्रापार गेलं.

नखाचं मात्र टेन्शन असतं, स्टीलच्या तारांनी ते झिजतं, तुटतं. काही जण पार्लरमध्ये जाऊन अॅक्रिलिक लावून घेतात, काही टेबल टेनिसचा बॉल कापून त्याचा तुकडा चिकटवतात (खरंच!). आवाज कर्कश वाटला तर हात घोडीपासून लांब, मान जिथे हेडला मिळते तिथे नेऊन बघा, एकदम गोल आवाज येतो.

पुढे ड्रॉप थंब येतो, म्हणजे अंगठा पाचवी तार सोडून आतल्या तारांवर उतरून मधले सूर घेतो. ऐकायला लय भारी, पण बोलता बोलता बम्-डिटी वाजवता येत नाही तोवर त्याच्या नादी लागू नका.